तीन लाल गोल

कारखान्यात सगळे तिला पाठीमागे 'चाळणी' म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. सत्तावीस वर्षं ती त्याच खोलीत, त्याच खिडकीशी, त्याच खुर्चीत बसून कारखान्याचे कागद तपासत आली होती. यंत्रांशेजारी लावायच्या सूचना, रसायनांची प्रमाणं, पाळ्यांच्या याद्या, अपघातांचे अहवाल, सगळं तिच्या डोळ्यांखालून जायचं. तिने सही केलेल्या कागदात चूक निघाली असं एकदाही झालं नव्हतं. निदान तिचा तरी तसा पक्का समज होता.

निवृत्तीला तीन महिने राहिले, तेव्हा मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्या जागेवर एक मुलगी घेतोय. पॅकिंगमधली आहे, परीक्षेत पहिली आली. तुम्ही तिला तयार करा. तीन महिन्यांत झाली तयार तर तुम्ही सुखाने घरी जा. नाही झाली तर मात्र तुम्हाला अजून दोन वर्षं सोडता यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दारात ती मुलगी उभी. चाळणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या जगातली माणसं संपली होती की काय? ती तिची भावजय होती!

आता या भावजयीचं काय होतं ते सांगायला हवं. आईवडील गेल्यावर चाळणीने धाकट्या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. तो मोठा झाला, याच कारखान्यात टाक्या धुणाऱ्या टोळीचा मुकादम झाला, आणि एक दिवस पॅकिंगमधल्या या मुलीला घेऊन आला. "ताई, मी हिच्याशी लग्न करतोय." 'करतोय' म्हणाला. 'करू का' नाही म्हणाला. वर्षाच्या आत दोघांनी दोन गल्ल्या पलीकडे वेगळं बिऱ्हाड केलं. मोठ्या घरात चाळणी एकटी राहिली आणि तिला जायला एकच जागा उरली, ती ही खुर्ची. भाऊ घेतला, आता खुर्चीही घ्यायला आली भवानी, असं तिने मनात म्हटलं आणि तोंडाने म्हणाली, "ये. ते स्टूल ओढून घे."

"वन्सं, खुर्ची नाही का दुसरी?"

"इथे मला वन्सं म्हणायचं नाही. आणि खुर्ची नाही."

खुर्ची होती. कपाटामागे दोन घडीच्या खुर्च्या उभ्या होत्या. भावजयीने त्या पाहिल्याही. तरी ती स्टुलावर बसली, आणि वन्सं म्हणायचं काही तिने सोडलं नाही.

त्या खोलीची एक जुनी रीत होती. तिला जोडवाचन म्हणत. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, आकडा न् आकडा, स्वल्पविराम न् स्वल्पविराम. दुसऱ्याने छापलेल्या प्रतीवर पट्टी धरायची आणि ओळीखाली ओळ सरकवत जायचं. जोडवाचन झाल्याशिवाय कागद बाहेर जायचा नाही. एवढी वर्षं चाळणी खालच्या टायपिस्टला वर बोलवून घ्यायची आणि त्याच्याबरोबर वाचायची. आता त्याला बोलवायचं कारण नव्हतं, भावजय होतीच. पण तिच्या तोंडासमोर बसायचं? तासन्तास तिचा आवाज ऐकायचा? नाव काढू नका. चाळणीने जोडवाचन गुंडाळलं आणि साहेबांना सांगितलं, "शिकाऊ आहे तोवर मी दुसऱ्या पद्धतीने घेते."

ही दुसरी पद्धत तिच्याच डोक्यातून निघालेली. कागद तपासायला देण्याआधी ती त्यात स्वतः तीन चुका पेरायची. कुठे काय पेरलं ते एका छोट्या काळ्या वहीत लिहायची आणि वही मांडीवर ठेवायची. भावजयीने लाल पेनाने चुकांभोवती गोल करायचे. तीनपैकी किती सापडल्या, ते चाळणी तक्त्यावर मांडायची. तक्ता भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. मग कागद खाली टायपिस्टकडे जायचा. तो गोल केलेल्या जागा मूळ कागद आणि शेजारची टीप बघून दुरुस्त करून शेवटची प्रत काढायचा. भावजयीच्या हातून सुटलेली चूक चाळणी खाली पाठवण्याआधी स्वतः गोल करायची, तेही चांगलं ठळक.

पहिल्या आठवड्यात तिला तीनातली एक सापडायची. साहेब दारातून डोकावून तक्ता बघायचे आणि मान हलवायचे. चाळणीला घरी गेल्यावर जेवण गोड लागायचं.

"शब्द काय वाचतेस?" ती खेकसायची. "शब्दांत चूक कोणीही पकडेल, शाळेतलं पोरही. आकडे बघ. माणसं आकड्यांनी मरतात."

"मग नुसते आकडेच बघू का?"

"डोकं वापर. आहे ना?"

भावजयीने डोकं वापरलं. ती कागद आधी उलटा, शेवटच्या ओळीपासून वाचायला लागली, म्हणजे डोळे सवयीने पुढे पळत नाहीत. मग नुसते आकडे वाचायची. आणि तिसऱ्यांदा, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, डोळे मिटून तेच काम आपण हाताने करतोय असं मनात आणायची. टाकी धुवायची असेल तर झाकण उघडायची, दोर बांधायची, शिडी लावायची. ओठ हलायचे, हात हलायचे. चाळणी बघायची आणि म्हणायची, "नाटक कंपनीत जायचं सोडून इथे कशाला आलीस?" पण दुसरा महिना संपताना तक्त्यावर दोन दिसायला लागले, आणि मग एका दिवशी तीन.

चाळणीने चुका आणखी लपवून पेरल्या. परत तीन. त्या रात्री तिला झोप लागली नाही. साहेब तक्त्यापाशी थांबले होते आणि "वा!" म्हणाले होते. सत्तावीस वर्षांत त्यांनी चाळणीला कधी वा म्हटलं नव्हतं.

मंगळवारी टाकीच्या सूचनांचा नवा कागद आला. टाकीत खाली वायू साठतो, म्हणून माणूस उतरण्याआधी पंखा लावून हवा काढावी लागते. कारखान्याने नवा मोठा पंखा घेतला होता, त्यामुळे सूचना नव्याने छापायच्या होत्या. बाकी मजकूर अकरा वर्षांपूर्वीचाच, चाळणीच्याच सहीचा. मुळात लिहिलं होतं, 'उतरण्यापूर्वी पंखा ३० मिनिटे चालवावा.' चाळणीने ३० चे ३ केले. दोराची लांबी १२ मीटर होती, ती २ केली. वर थांबणारी माणसं दोन होती, तिथे एक केला. जिवाशी खेळणाऱ्या चुका मुद्दाम घेतल्या, कारण तिच्या मते शिकवणं ते हेच. आणि खरं म्हणाल तर, या कागदावर भावजय पडली की ती कायमची पडणार होती.

तासाभराने भावजयीने कागद पुढे सरकवला. "तीन सापडल्या, वन्सं."

चाळणीने कागदाकडे पाहिलं. एक, दोन, तीन लाल गोल. तीन पेरल्या, तीन निघाल्या. तिच्या डोळ्यांपुढे लाल झालं, पण ते रागाने. वही उघडून ताडून बघावं एवढाही धीर तिला राहिला नाही. तिने कोपऱ्यात छोटी सही ठोकली, भावजयीची सही आधीच होती, आणि कागद खाली धाडला. ज्या बाईने नाकावर कधी माशी बसू दिली नव्हती, तिने गोल नुसते मोजले!

बुधवारी सकाळी दुसऱ्या कागदात पेरणी करायला तिने काळी वही उघडली. वरच कालच्या तीन ओळी होत्या. पंखा, दोर, माणसं. समोर फायलीत कालचा लाल गोलांचा कागद होता, टायपिस्टने काम झाल्यावर परत पाठवलेला. सहज नजर गेली. दोराभोवती गोल होता. माणसांभोवती गोल होता. आणि तिसरा?

तिसरा गोल पंख्याभोवती नव्हताच. तो पाचव्या पायरीवर होता. 'पायरी ९ प्रमाणे दोर कमरेला बांधावा.' शेजारी भावजयीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पायऱ्या आठच आहेत. दोराची माहिती पायरी ६ मध्ये आहे.'

चाळणीने मोजलं. आठच होत्या. अकरा वर्षांपूर्वी कधीतरी एक पायरी गाळली होती आणि उल्लेख तसाच राहिला होता. मूळ कागदातही तसाच आणि छापलेल्यातही तसाच, म्हणून तिने दर वेळी दोन्ही जुळवून पाहिले होते आणि दर वेळी बरोबर म्हटलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता अकरा वर्षं स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन बसली होती बाई.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. पंख्याची ३ मिनिटं तशीच गेली होती. सकाळीच तो कागद टाकीशी लागला असणार.

तिने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. मग तिने समोर स्टुलावर बसलेल्या भावजयीकडे पाहिलं. भावजय पट्टी धरून वाचत होती. चहावाली बाई दोन कप ठेवून गेली.

उठायला हवं होतं. फोन करायला हवा होता. पण टाक्या नेहमी शनिवारी धुतात, आज तर बुधवार. तीन दिवस आहेत, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि मग हळूच दुसरा विचार आला. कागदावर भावजयीची सही आहे. एवढी मोठी चूक तिने सोडली. पेरल्याचं फक्त काळ्या वहीला माहीत, आणि वहीचं पान फाडता येतं. संध्याकाळी आपणच साहेबांकडे जायचं, हा बघा कागद म्हणायचं, वेळेवर माझ्या नजरेला पडला म्हणून बरं, नाहीतर हिने माणूस मारला असता. पहिल्या नंबरची मुलगी म्हणे! परत पॅकिंगमध्ये. दोन वर्षं खुर्ची आपली.

चहावर साय धरली. चाळणी वाक्यं जुळवत बसली होती. कसं आत जायचं, कुठे थांबायचं, आवाज किती हळू ठेवायचा.

अकरा चाळीसला भावजय उठली आणि पिशवीतून डबा काढला. "वन्सं, मी जरा खाली जाऊन येते. ह्यांनी आज डबा लवकर मागवलाय. टाकी आजच धुणार आहेत ना, नवा पंखा बघायला दुपारी साहेब येणारेत."

चाळणी ताडकन उभी राहिली.

"आज? कोण उतरणार?"

"ह्यांचीच टोळी. का?"

"फोन लाव! टाकीच्या शेडला फोन लाव!"

फोन वाजत राहिला. कोणी उचलेना. चाळणी तोवर जिन्यात पोचली होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून रोज एकेक पायरी मोजून उतरणारी, ती धावत सुटली. मागून भावजय. आवारातले लोक बाजूला झाले. कोणीतरी हसलंही, चाळणी धावतेय म्हणून.

शेडमध्ये टाकीच्या तोंडाशी चौघे वाकून ओरडत होते, घाबरून कोणाला दोर ओढायचं सुचत नव्हतं. टोळीतला लांब्या खाली उतरला होता आणि आता ओ देत नव्हता. पंखा बंद होता. आणि धाकटा, तिचा धाकटा, एक पाय आत शिडीवर टाकून त्याला आणायला निघाला होता.

"उतरू नकोस! मेल्या, उतरू नकोस!" तिने मागून त्याची कॉलर धरली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून ओढलं. दोघंही पाठीवर पडले. "वायू आहे आत! पंखा लावा! दोर ओढा, दोर!"

पंखा लागला. चौघांनी दोर ओढला. लांब्या वर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता. त्याला उघड्यावर निजवलं, कोणी छाती दाबली, कोणी गाडी बोलावली. बऱ्याच वेळाने तो खोकला आणि ओकला. ते ओकणं बघून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"तीन मिनिटं लिहिलं होतं, ताई," धाकटा म्हणाला. "आम्ही म्हटलं नवा पंखा, जोर जास्त, म्हणून कमी केलं असेल. एक बरं झालं, या कागदात दोराचं नीट लिहिलं होतं. आधीच्यात पायरी नऊ, पायरी नऊ, ती कुठे सापडायचीच नाही, म्हणून कोणी बांधतच नव्हतं. आज बांधला." मग त्याने तिचा हात घट्ट धरला. "आणि तू वेळेवर आलीस. नाहीतर मीही गेलो होतो."

भावजय नवऱ्याच्या खांद्याला धरून उभी होती, आणि बघत होती ती चाळणीकडे.

साहेब आले. त्यांनी टाकीवरचा कागद ओरबाडून काढला आणि खाली छापलेली तपासणाऱ्यांची नावं पाहिली. मग भावजयीकडे वळून ओरडले, "हे तू सोडलंस? तीन मिनिटं?"

"मी पेरली होती," चाळणी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "शिकवायला. काढायची राहिली."

साहेब तिच्याकडे वळले. "पेरली होती? अहो, माणूस मेला असता!" मग दात आवळून म्हणाले, "अहवाल लिहा. तुम्ही लिहा. चारच्या आत हवा. आणि जोडवाचन करून, दोघींच्या सहीने. ते बंद केलंत असं ऐकतोय मी."

चाळणीने अहवाल लिहिला. सगळं लिहिलं. पेरलेल्या चुका लिहिल्या, वही लिहिली, ताडून न पाहता सही केल्याचं लिहिलं. खुर्ची गेली, हे तिला कळलं होतं. लांब्या दवाखान्यात शुद्धीवर आल्याचा निरोप आला, तोही लिहिला. एकाच ओळीपाशी तिचा हात थांबला. 'चूक लक्षात आल्याची वेळ'. तिथे तिने लिहिलं, ११.४०. तो अर्धा तास कोणाचा होता? तिचा आणि काळ्या वहीचा. एवढं कबूल केलं, एवढं एक आपल्यापाशी राहू द्यावं. धाकटा 'वेळेवर आलीस' म्हणाला होता. तेवढं तरी राहावं.

टायपिस्टने प्रत काढून दिली. भावजयीने कपाटामागची घडीची खुर्ची काढली, चाळणीच्या समोर मांडली आणि बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोघी समोरासमोर आल्या. भावजयीच्या हातात चाळणीने लिहिलेला मूळ कागद, चाळणीच्या हातात छापलेली प्रत आणि पट्टी.

भावजय वाचू लागली. आकडा न् आकडा, स्वल्पविराम न् स्वल्पविराम. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. चाळणी पट्टी सरकवत होती. सगळं जुळत होतं.

"चूक लक्षात आल्याची वेळ," भावजयीने वाचलं, "अकरा पूर्णविराम चाळीस." आणि ती थांबली.

"पुढे वाच."

"इथे चूक आहे, वन्सं."

"जुळतंय. माझ्याकडेही अकरा चाळीसच आहे."

"मूळच चुकलंय." भावजयीने कागद टेबलावर ठेवला. "चहा आला तेव्हा तुमची वही उघडी होती. कालचा कागद पुढ्यात होता. तुम्ही घड्याळ पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं माझं काही चुकलं. अर्धा तास मी तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत होते, आपण काय सोडलं म्हणून. तुम्ही चहाला हात लावला नाहीत. आता इथे बसून मी ते सगळं मनात परत करून पाहिलं. तुम्हीच शिकवलंत ना, डोकं वापर म्हणून?"

चाळणीने पट्टी खाली ठेवली.

"तुम्ही मला घालवायचं ठरवत होतात तेव्हा लांब्या शिडी लावत होता," भावजय म्हणाली. आता मात्र तिचा आवाज फाटला. "माझा माणूस उतरत होता. तुमचा भाऊ! तुम्हाला माझा एवढा राग आहे, वन्सं?"

"आहे," चाळणी म्हणाली. खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. "पण मला माहीत नव्हतं आज धुणार आहेत ते. खरंच माहीत नव्हतं."

"मग खरं काय ते लिहा."

भावजयीने लाल पेन टेबलावरून पुढे सरकवलं. चाळणीने ते उचललं. चाळीसभोवती गोल केला, शेजारी दहा लिहिलं, खाली छोटी सही केली. सत्तावीस वर्षांत स्वतःच्या लिहिण्यावर तिने केलेला तो पहिला लाल गोल. मग समासात लिहिलं, 'कळल्यावर अर्धा तास मी कोणालाही सांगितलं नाही.'

जिन्यात पावलं वाजली. दारात धाकटा उभा राहिला, केस ओले, कोपराला पट्टी बांधलेली.

"झालं का तुमचं? ताई, आज आमच्याकडे जेवायला चल. एकटी राहू नकोस. आज तू नसतीस तर..."

चाळणीने भावजयीकडे पाहिलं. हा कागद साहेबांपुढे जाईल, तिथून कपाटात. मनात आणलं तर भावजय गप्प राहू शकत होती, आणि क्षणभर चाळणीने डोळ्यांनी तिला तेच मागितलं. भावजय उठली. तिने घडीची खुर्ची वळवून नवऱ्यापुढे केली.

"साहेबांना कागद सांगेल," ती चाळणीला म्हणाली. "ह्यांना तुम्हीच सांगायचं." आणि दार ओढून घेऊन बाहेर गेली.

धाकटा हसत खुर्चीपाशी आला. "काय सांगायचंय?"

"बस," चाळणी म्हणाली, आणि तिने कागद त्याच्यापुढे ठेवला.